एक्झॉस्ट पंखा किती मोठा घ्यावा?



विहिरीवर मोटार बसवताना आपण पाण्याची खोली, पाइपाची लांबी बघून हॉर्सपॉवर ठरवतो. घर गार करायला एक्झॉस्ट पंखा घेताना मात्र 'मोठ्यातला द्या' म्हणून मोकळे होतो. तिथंही हिशेब लागतो.

समजा, स्लॅबचं घर २० फूट लांब, १५ फूट रुंद, १० फूट उंच आहे. आत ३,००० घनफूट हवा झाली. रात्री घर लवकर निवायचं तर ती दर तीन मिनिटांनी बदलावी, असं आम्ही धरतो. म्हणजे मिनिटाला १,००० घनफूट. खोक्यावर आकडा ताशी घनमीटरमध्ये असेल तर १.७ ने गुणा, १,७०० आले. नुसते पात्याचे इंच बघू नका, एकाच मापाचे पंखे फेऱ्यांप्रमाणे कमी-जास्त हवा ओढतात.

खरी चूक पुढंच होते. फूटव्हॉल्व्ह चोंदला की मोटार नुसती फिरते, तसा खिडक्या लावलेल्या घरात पंखा नुसता आवाज करतो. वरच्या पंख्याला निदान दोन चौरस फूट उघडी खिडकी हवी. डासांची जाळी असेल तर दुप्पट. तीही समोरच्या भिंतीची. पंख्याशेजारची उघडलीत तर हवा तिथल्या तिथंच फिरते.

दुपारी लावलात तर बाहेरची झळच आत येणार. दिवस मावळून गारवा सुटला की लावायचा.

आणि चूल, शेगडी किंवा गॅसचा गीझर पेटलेला असताना, खिडक्या बंद ठेवून हा पंखा कधीही लावू नका. बाहेर जाणारा धूर आणि विषारी वायू तो घरातच मागं ओढतो. धूर निदान दिसतो. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो.