व्हॉट्सॲपवर फॉर्म टाकला म्हणजे सर्व्हे झाला का?

गूगल फॉर्म कसा बनवायचा हे आपण व्हिडिओत पाहिलं. फॉर्म दहा मिनिटांत होतो, पैसेही लागत नाहीत. खरं काम आहे ते योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारण्याचं. आज तेच शिकू.

समजा, तुम्हाला केजमध्ये लेडीज ड्रेसचं दुकान टाकायचंय. हातात २ लाख आहेत, त्यातले निम्मे बचत गटाच्या कर्जाचे. माल कुठला भरायचा, हे सर्व्हेवरून ठरवायचंय. सर्व्हे चुकला तर माल पडून राहणार आणि हप्ता मात्र दर महिन्याला येणार.

१. आधी निर्णय लिहा, मग प्रश्न

वहीत एक ओळ लिहा: "निम्म्याहून जास्त जणी एका ड्रेसला ६०० रुपयांच्या वर देत असतील, तरच महाग माल भरायचा." हे उत्तरं यायच्या आधी लिहायचं. नाहीतर आकडे आल्यावर आपण आपल्या मनासारखा अर्थ काढतो. ज्या प्रश्नाच्या उत्तराने कुठलाच निर्णय बदलत नाही, तो प्रश्न काढून टाका. ८-१० प्रश्न भरपूर झाले.

२. मत विचारू नका, व्यवहार विचारा

"केजमध्ये चांगलं लेडीज शॉप असावं का?" याला सगळे हो म्हणणार. "हो" म्हणायला पैसे लागत नाहीत. त्याऐवजी असं विचारा:

- शेवटचा ड्रेस कधी घेतला?
- कुठून घेतला? (गावातलं दुकान / आठवडी बाजार / बीड किंवा लातूर / ऑनलाइन / इतर)
- किती रुपयांना? (३०० पर्यंत / ३०१ ते ६०० / ६०१ ते १००० / १००० च्या वर)

रकमेचे गट एकमेकांत घुसू देऊ नका. "दर आणि क्वालिटी आवडली का?" असे दोन प्रश्न एकात घालू नका, दर आवडला आणि क्वालिटी नाही आवडली, तर तिने काय लिहायचं?

३. कोण सुटतंय ते बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त उत्तरं आली. अंदाज निघाला लँडन जिंकणार; प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते बरेचसे टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या यादीतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात गरीब माणूस त्या यादीत कमीच होता. शिवाय उत्तर पाठवणारे वेगळे आणि न पाठवणारे वेगळे होते.

आपली डिरेक्टरी म्हणजे आपले व्हॉट्सॲप ग्रुप. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सुमारे ६१ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, स्त्रियांपैकी मात्र ३८ टक्क्यांनीच. त्यानंतर मोबाइल वाढलेत, पण घरातला फोन कोणाच्या हातात असतो ते तुम्हाला माहीत आहे. तुमचं गिऱ्हाईक तर बायकाच आहेत!

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. जानेवारीत सर्व्हे केलात तर हे गिऱ्हाईक गावातच नाही. परत आल्यावर लग्नसराईत ते खरेदी करतं. म्हणून सर्व्हे दोनदा करा: दसऱ्याआधी एकदा आणि पाडव्यानंतर एकदा.

४. तोच फॉर्म बाजारातही भरा

तुमच्या मोबाइलवर फॉर्म उघडा, आठवडी बाजारात आणि बसस्टँडवर बायकांना विचारा आणि तुम्हीच भरा. पहिला प्रश्न ठेवा: "फॉर्म कुठे भरला? व्हॉट्सॲप / प्रत्यक्ष." 'एकच उत्तर घ्या' ही सेटिंग लावली की गूगल लॉगिन मागतं आणि बरेच जण तिथेच सोडून देतात, त्यामुळे ती बंद ठेवा. मोबाइल नंबर गरज असेल तरच, कशासाठी हवाय ते सांगून आणि परवानगीनेच घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे.

५. आकडे वेगवेगळे वाचा

समजा, व्हॉट्सॲपवर ८० उत्तरं आली; त्यात ५२ जणी, म्हणजे ६५ टक्के, ऑनलाइन घेतात. बाजारात ४० जणींना विचारलं. त्यात फक्त ६, म्हणजे १५ टक्के. एकत्र केलं तर १२० पैकी ५८, म्हणजे ४८ टक्के. हा ४८ चा आकडा दोन्हीपैकी कुठल्याच गिऱ्हाइकाचा नाही! त्यावर माल भरला तर दोन्हीकडून फसाल. आधी ठरवा, दुकान कोणासाठी टाकताय. मग त्याच गटाची उत्तरं वाचा.

गृहपाठ: या आठवड्यात ८ प्रश्न लिहा आणि ओळखीच्या ५ जणींकडून तुमच्यासमोर भरून घ्या. जिथे त्या अडतील, तो प्रश्न बदला. मगच लिंक पाठवा. प्रश्न कमेंटमध्ये टाका, मी बघून सांगतो. भेटू पुढच्या धड्यात!