नखं लांब, बटणं लहान : मोबाईलचा कीबोर्ड कसा निवडावा?

इंदापूर तालुक्यातल्या एका आरोग्य बैठकीत एका सुनेनं आम्हाला आपला मोबाईल दाखवला. सासूबाईंची उपाशीपोटीची साखर तिनं आशाताईंना कळवली होती. मीटरवर आकडा १२०, मेसेजात गेला २२०. आशाताई धावत घरी आल्या, मीटर पाहिला, तेव्हा चूक उघड झाली. घरच्यांनी मात्र सुनेलाच धारेवर धरलं, "एवढी नखं वाढवायची कशाला?"

भगिनींनो, नखं किती ठेवायची हा जिचा तिचा प्रश्न. पण औषधाचा किंवा साखरेचा चुकलेला आकडा आजारी माणसाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून रागावण्याआधी चूक का होते ते समजून घेऊ.

चूक का होते?

आजच्या मोबाईलचा पडदा दाब ओळखत नाही, तो त्वचेतून होणारा विजेचा सूक्ष्म बदल ओळखतो. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार आहेत, म्हणून बोटाचा मऊ भाग टेकला की पडद्याला कळतं. नख केराटिनचं, कोरडं आणि निर्जीव. ते कितीही आपटलं तरी पडद्याला पत्ता लागत नाही. जुन्या दाबाच्या पडद्यांवर नखानंही काम व्हायचं, ती सवय इथं उपयोगाची नाही.

नख लांब असलं की बोट आडवं टेकवावं लागतं. आडवं बोट एकाच वेळी दोन बटणं झाकतं. शिवाय आपली नजर असते नखाच्या टोकावर आणि स्पर्श होतो त्याच्या मागे.

निवडताना काय पाहावं?

१) बटणं मोठी हवीत. जीबोर्डसारख्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची उंची वाढवता येते. सगळ्यात आधी हेच करा, पैसा लागत नाही. एका हातानं लिहिण्याची सोय चालू असेल तर बंद करा, तिच्यात बटणं आणखी लहान होतात.

२) एका ओळीत बटणं कमी हवीत. मराठी अक्षरांच्या कीबोर्डवर बटणांची गर्दी असते. इंग्रजी अक्षरांत 'aai' ऐवजी मराठीत 'आई' उमटवणारा कीबोर्ड काहींना सोपा पडतो. इंग्रजी अक्षरांची सवय नसेल तर मराठीच ठेवा, फक्त उंची वाढवा.

३) टिचक्या कमी लागाव्यात. बोट न उचलता अक्षरांवरून सरकवत शब्द लिहिण्याची सोय असते. त्यात बोट आडवं असलं तरी चालतं. बोटानं पडद्यावर अक्षर गिरवायचीही सोय आहे.

४) बोलून लिहिणं. गूगलनं २०१७ पासून मराठीतही ही सोय दिली आहे. माईकचं चिन्ह दाबा आणि सावकाश बोला. पण पाळी, गर्भपात, टीबीची औषधं अशा गोष्टी एसटीत किंवा भरल्या घरात मोठ्यानं बोलू नका. आजार हा आपला खासगी विषय आहे.

५) अनोळखी कीबोर्ड नको. फुलाफुलांचे, चमकीचे कीबोर्ड फुकट मिळतात, पण कीबोर्डला आपण लिहिलेलं सगळं दिसू शकतं. बँकेचा पासवर्डही त्यातच आला.

तरीही जमलं नाही तर रबरी टोकाची, मोबाईलसाठीची पेन्सिल घ्या. साध्या पेनाचं टोक चालत नाही.

घरच्या घरी चाचणी

"आईची साखर १२०, गोळी रात्री १" हे वाक्य प्रत्येक प्रकारानं पाच वेळा लिहा आणि चुका मोजा. ज्यात चुका कमी, तो कीबोर्ड तुमचा. आकडा पाठवताना तो अक्षरांतही लिहा, 'एकशे वीस'. त्याहून चांगलं म्हणजे मीटरचा फोटो पाठवा.

नखांची काळजी

नख आपटून टाईप करू नका. वारंवार धक्का बसला की नख खालच्या मांसापासून सुटतं आणि त्या फटीत ओल व बुरशी शिरते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, गेलेलं नख पूर्ण यायला सहा महिने लागतात. नखाच्या कडेला लाली, ठणका, पू दिसला तर ते नखुरडं असतं. घरी सुईनं फोडू नका, दवाखान्यात दाखवा.

तान्ह्या बाळाचं, जखमेचं किंवा अंथरुणावरच्या रुग्णाचं करणाऱ्यांनी मात्र नखं लहानच ठेवावीत. जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी नखाच्या टोकाची मर्यादा अर्धा सेंटिमीटर सांगितली आहे. आम्ही नर्स असताना हाच नियम पाळला. तो नटण्याच्या विरोधात नव्हता, नखाखाली जंतू लपतात म्हणून होता.

शेवटी एक गोष्ट

२०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन निकृष्ट आहेत, ॲप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. बाईला मोबाईल जमत नाही असं म्हणणं सोपं असतं. बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कात दिवसभर मशीन चालवणारी मुलगी काय, इंदापूरच्या बागेत डाळिंब तोडणारी ताई काय, हात कामाचे आहेतच. साधन त्या हाताला जुळायला हवं.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येकीच्या मोबाईलवर कीबोर्डची उंची वाढवून द्या. सासूबाईंच्याही.