हाती आलेली जागा की वर्षभराचा विराम?

बारावीच्या निकालानंतर अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो: दूरच्या विद्यापीठाने देऊ केलेला प्रवेश स्वीकारावा, की एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न करावा? हा निर्णय भावनेचा आहे, तितकाच हिशेबाचाही आहे.

उदाहरणादाखल इंदूरच्या एका मराठी कुटुंबाची कल्पना करावी. मुलीला दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. तिला मात्र अधिक नामांकित महाविद्यालय हवे आहे. आईला अंतराची धास्ती आहे, वडिलांना खर्चाची. ‘एक वर्ष थांबू’ हा तोडगा तिघांनाही सोयीचा वाटतो. परंतु तिघांची कारणे निराळी आहेत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सोडलेली जागा कुणी राखून ठेवत नाही. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे प्रवेश वर्षभर पुढे ढकलू देतात. दिल्ली विद्यापीठातील पदवी प्रवेश मात्र २०२२ पासून सीयूईटी या सामायिक परीक्षेवर होतात आणि तिचे गुण त्या वर्षापुरतेच ग्राह्य असतात. थांबणाऱ्याला परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

आता खर्चाकडे वळू या. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी प्रारंभी एक लाख याप्रमाणे चार लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले, व्याजदर ९ टक्के धरला आणि परतफेड अभ्यासक्रमानंतर एक वर्षाने सुरू झाली, तर तोवरचे सरळ व्याज १,२६,००० रुपये होते. हेच व्याज दरमहा भरत गेल्यास पहिल्या वर्षी ७५०, दुसऱ्या वर्षी १,५००, तिसऱ्या वर्षी २,२५० व पुढे ३,००० रुपये पडतात आणि मुद्दल वाढत नाही. प्रत्यक्ष दर व अटी शाखेत विचारून घ्याव्यात.

थांबण्याचाही खर्च असतो. शिकवणीचे शुल्क आणि वर्षभराचा निर्वाह डोळ्यांसमोर असतो; कमाई एक वर्ष उशिरा सुरू होते, हे मात्र सहसा कुणी मांडत नाही.

म्हणून विराम नेहमीच चुकीचा ठरतो असे नाही. गुण कोणत्या विषयात कमी पडले हे नेमके ठाऊक असेल, वर्षाचे वेळापत्रक लेखी असेल आणि दुसऱ्यांदाही अपयश आले तर काय, याचे उत्तर तयार असेल, तर तो सार्थकी लागतो. आजारपण किंवा घरची अडचण हीदेखील रास्त कारणे होत.

इंदूरच्या त्या तिघांनी आपापले कारण कागदावर लिहून एकमेकांसमोर ठेवावे. अंतराची धास्ती वसतिगृह पाहून कमी होते, खर्चाची चिंता कर्जाच्या हिशेबाने. या दोहोंसाठी वर्ष खर्ची घालण्याचे कारण नाही. उरते ती मुलीची इच्छा. ती पुन्हा परीक्षा देण्याइतकी पक्की आहे का, एवढाच प्रश्न मग शिल्लक राहतो, आणि त्याचे उत्तर तिनेच द्यावयाचे असते.