गावच्या डोंगराची राखण

गावचे गायरान व डोंगर हे कोणा एकट्याचे नसतात; आणि जे सर्वांचे, त्याची काळजी बहुधा कोणीच वाहत नाही. सरकार पाहून घेईल, असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. अशा स्वस्थतेचे फळ आणि उठून कामास लागण्याचे फळ, ही दोन्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या लहानशा गावाने चाखली आहेत.

१९७२ च्या दुष्काळानंतर त्या गावचे डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, व पुष्कळ लोक मजुरीसाठी बाहेर गेले. पुढे १९८९-९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार हे सरपंच झाले, आणि गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी हे नियम आपणहून पत्करले. लोकांनी डोंगरउतारावर हजारो समतल चर खणले. सरकारी योजनेचे साहाय्य मिळाले हे खरे; पण तसे साहाय्य मिळूनही कोरडी राहिलेली गावे थोडी नाहीत.

समतल चर म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला लांबट खड्डा. उघड्या उतारावरून धावणारे पाणी सोबत माती नेते. चरात ते थांबते, माती खाली बसते व पाणी मुरते. मात्र काही पावसाळ्यांत चर गाळाने भरतो, आणि मग माती धरून ठेवण्याचे काम गवताच्या मुळांनी करावयाचे असते. डोंगर उजाड दिसला तरी पुष्कळदा ती मुळे व झाडांची खोडे जमिनीत जिवंत असतात. गुरांचे तोंड काही वर्षे दूर ठेवले म्हणजे ती आपोआप फुटतात.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ज्याच्या नावे एक गुंठाही नाही, त्याने चर खणावा, पाणी मात्र शेजाऱ्याच्या विहिरीस लागावे, आणि वर त्याच्याच दोन शेळ्यांचे चरणे बंद व्हावे! यास श्रमदान म्हणावे की वेठ? हिवरे बाजारात चराई बंद केली, तरी विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. बी गळून पडल्यावर गवत कापले असता पुढील वर्षाचे गवत बुडत नाही. आणि भारा वाहणाऱ्यास स्वतःची जमीन असावी लागत नाही. ही गोष्ट आधी ठरली नाही, तर चराईबंदी रात्रीच्या अंधारात मोडते. मिळालेल्या पाण्यावरही त्या गावाने बंधन घातले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, उसासारखी तहानलेली पिके घ्यावयाची नाहीत, व शेतीसाठी कूपनलिका खणावयाची नाही.

असे काम आरंभू इच्छिणाऱ्यांनी प्रथम ग्रामसभेत ठराव करून घ्यावा, आणि जमीन वनखात्याची असल्यास कुदळ मारण्यापूर्वी खात्याची संमती मिळवावी. चर खणणे उन्हाळ्यातच उरकावे. पावसाळा संपून गवत वाळू लागले की वणव्याचे भय असते. तेव्हा डोंगराच्या कडेने गवत काढून जाळरेषा मोकळी करणे, हे त्या वर्षीचे शेवटचे काम होय.