आमटी उतू गेली की गॅसची ज्योत पिवळी का होते?

प्रश्न : आमटी उतू जाऊन बर्नरवर सांडली की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळीधमक होते. हा रंग येतो कुठून? हळदीचा तर नसेल? – इयत्ता दहावीतील एक वाचक

उत्तर : हळदीचा नाही. नुसतं मिठाचं पाणी सांडलं तरी ज्योत तशीच पिवळी होते. रंग मिठाचा आहे, आणि मिठातही फक्त सोडियमचा. कशावरून? खाण्याच्या सोड्यात सोडियम आहे, क्लोरीन नाही. तरी त्याची ज्योत पिवळीच. पोटॅशियम क्लोराइडमध्ये क्लोरीन आहे, सोडियम नाही. त्याची ज्योत फिकट जांभळी. म्हणजे पिवळ्या रंगाचा धनी सोडियमच.

आता सोडियमच्या अणूत डोकावू. केंद्रकात 11 प्रोटॉन, भोवती 11 इलेक्ट्रॉन; संरूपण 2, 8, 1. बाहेरच्या कवचातल्या एकट्या इलेक्ट्रॉनवर केंद्रकाची पकड सर्वांत सैल असते. मिठात तर तो क्लोरीनकडे गेलेला असतो आणि सोडियम आयनाच्या रूपात असतो. ज्योतीत मात्र मिठाची वाफ होते, तिचे घटक विलग होतात आणि सोडियमचे उदासीन अणू तयार होतात. तापलेले कण या अणूंवर आदळले की बाहेरचा इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. तिथे तो टिकत नाही. सेकंदाच्या सुमारे सहा कोटीव्या भागात तो खाली येतो आणि घेतलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात सोडून देतो.

खरं मर्म यापुढे आहे. दोन पातळ्यांच्या अधेमधे इलेक्ट्रॉनला राहता येत नाही. पातळ्या ठरलेल्या, म्हणून त्यांच्यातला ऊर्जेचा फरक ठरलेला आणि म्हणून प्रकाशाचा रंगही ठरलेला. सोडियमच्या या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 589 नॅनोमीटर असते. सोडियम मिठातला असो, सोड्यातला असो की रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यातला, हा आकडा बदलत नाही. ठरावीक पातळ्यांची ही कल्पना नील्स बोर यांनी 1913 मध्ये हायड्रोजनच्या अणूसाठी मांडली.

कारण कळण्याच्या कितीतरी आधी रसायनशास्त्रज्ञांनी या खुणेचा उपयोग करून घेतला होता. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये बुन्सेन आणि किरखॉफ ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहत. 1860 मध्ये एका झऱ्याच्या खनिजयुक्त पाण्याच्या वर्णपटात त्यांना अनोळखी निळ्या रेषा दिसल्या आणि सीझियम सापडलं. 1861 मध्ये लाल रेषांवरून रुबिडियम. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात ज्यूल जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी इंग्लंडमधून नॉर्मन लॉकयर यांनी त्या प्रकाशातली एक पिवळी रेषा तपासली. ती सोडियमच्या रेषांजवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. तो हेलियम होता! पृथ्वीवर तो विल्यम रॅमसे यांच्या हाती लागला थेट 1895 मध्ये. जिथवर हात पोचत नाही तिथला पदार्थही एका इलेक्ट्रॉनच्या हालचालीवरून ओळखता येतो, हे मला रसायनशास्त्रातलं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं.

प्रयोगशाळेत ज्योत परीक्षा करताना एक लक्षात ठेवा. सोडियमचा अंश जवळजवळ सगळीकडे असतो आणि त्याचा पिवळा रंग पोटॅशियमचा जांभळा झाकून टाकतो. म्हणून पोटॅशियमची ज्योत निळ्या कोबाल्ट काचेतून पाहतात; ती काच पिवळा प्रकाश अडवते.

आणि घरी? सांडलेलं मीठ ज्योतीतून निघून गेलं की ती पुन्हा निळी होते. काहीही न सांडता ती सतत पिवळी राहत असेल आणि भांड्यांची बुडं काळी होत असतील, तर तो सोडियम नव्हे. तिथे गॅसला पुरेशी हवा मिळत नाही आणि न जळलेल्या कार्बनचे तापलेले कण पिवळे दिसतात. अशा वेळी बर्नर साफ करून घ्यायला घरच्यांना जरूर सांगा, कारण अपुऱ्या ज्वलनातून विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो.