अर्धवट सोडलेल्या गोळ्या

महिला बैठकीत गरोदर भगिनींना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : लघवीला जळजळ होते का? आधी सगळ्या एकमेकींकडे बघतात. मग एक जण हळूच मान हलवते आणि मागोमाग तिघी-चौघी बोलू लागतात. ‘उष्णता झालीय, धण्याचं पाणी पिते’ हे उत्तर ठरलेलं.

बहुतेक वेळा ती उष्णता नसते, जंतू असतात. गरोदरपणात लघवी आत रेंगाळते आणि जंतूंना किडनीपर्यंत वाट मिळते. कामाच्या ठिकाणी संडास नाही म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या बायांचं तर विचारूच नका. काहींना जळजळही होत नाही, फक्त तपासणीत कळतं. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतच लघवी तपासून घ्यावी.

आमच्या वस्तीतल्या एकीला सहावा महिना होता. दवाखान्यातून अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स दिला होता. दोन दिवसांत जळजळ थांबली. शेजारीण म्हणाली, ‘गोळ्या गरम असतात, बाळाला त्रास होईल.’ उरलेल्या गोळ्या डब्यात गेल्या. पुढे थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला ठणक, उलट्या. संसर्ग किडनीत पोचला होता. दाखल करून शिरेतून औषध द्यावं लागलं. पोटही आवळू लागलं होतं. बाळ वेळेआधीच येतं की काय अशी वेळ आली. थोडक्यात निभावलं. हे गोळी घेतल्यामुळे नाही, सोडल्यामुळे झालं. पण तिला गोळ्या देताना नीट समजावून कुणी सांगितलं होतं? नोकरीत असताना रांग संपवायच्या घाईत आम्हीही कितीदा नुसती पाकिटं हातात ठेवली आहेत.

बायांची भीती अगदीच खोटी नाही. डॉक्सिसायक्लिनने बाळाचे दात कायमचे पिवळट होऊ शकतात. सिप्रोफ्लॉक्सासिन गरोदरपणात शक्यतो टाळतात. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीच्या संसर्गावर चांगलं, पण बाळंतपण जवळ आलं की देत नाहीत, कारण नवजात बाळाच्या रक्तपेशी फुटून कावीळ होण्याचा धोका असतो. अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन मात्र वर्षानुवर्षं गरोदर बायांना दिली जातात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. म्हणजे कोणती गोळी आणि कितवा महिना, दोन्ही बघावं लागतं.

मेडिकलवर नेमकं हेच राहून जातं. नवरा जातो, ‘लघवीच्या जळजळीवर गोळी द्या’ म्हणतो. बायको गरोदर आहे हे सांगत नाही, दुकानदार विचारत नाही. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकायला कायद्याने बंदी आहे, तरी मिळतं. साध्या सर्दीलाही देतात, जिथे त्याचा काही उपयोग नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी असते. तेव्हा कितवा महिना ते आधी सांगा. घरातली गोळ्यांची सगळी पाकिटं, रिकामी असली तरी, पिशवीत घालून न्या. कोर्स संपल्यावर लघवी पुन्हा कधी तपासायची, तेही विचारून या. थंडी-ताप आला, पाठ ठणकली किंवा पोट आवळू लागलं तर ९ तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा.