लिथियम बॅटरी : पारख, जपणूक आणि आपली मुले

मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, मुलांची रिमोटवरची गाडी आणि आता दाराशी उभी असलेली विजेवरची स्कूटर, या साऱ्यांच्या पोटात एकच वस्तू आहे : लिथियम-आयन बॅटरी. १९९१ साली जपानमध्ये ती प्रथम बाजारात आली. २०१९ साली तिच्या तीन शिल्पकारांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इतकी उपयुक्त वस्तू घरी आणताना मात्र आपण भाजी निवडताना घेतो तेवढीही काळजी घेत नाही.

त्याची किंमत कधीकधी लहान मुलाला मोजावी लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला व काही दिवसांनी दगावला. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांतील एका खोलीच्या संसारातही अशी बॅटरी रात्री उशाशीच चार्ज होते, म्हणून हा विषय आपल्या दाराशी आलेला आहे.

आग का लागते?

या सेलमध्ये दोन ध्रुवांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो आणि आतील द्रव ज्वालाग्राही असतो. अतिचार्जिंग, आघात, उष्णता किंवा निर्मितीतील दोष यांमुळे हा पडदा फाटला की आतल्या आत शॉर्टसर्किट होते. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते आणि त्या क्रियेने उष्णता आणखी वाढते. एक सेल पेटला की शेजारचाही पेटतो. यालाच ‘थर्मल रनअवे’ म्हणतात.

ई-सिगारेटचा प्रश्न

बॅटरीवर सर्वाधिक ताण टाकणाऱ्या छोट्या उपकरणांपैकी हे एक. त्यातील तारेचा रोध ०.२ ओहम असेल, तर ४.२ व्होल्टच्या पूर्ण चार्ज सेलमधून २१ अँपियर प्रवाह ओढला जातो. पुष्कळ सेल १० अँपियरपेक्षा अधिक प्रवाहासाठी बनविलेलेच नसतात. सुटा सेल खिशात किल्ल्या वा नाण्यांबरोबर राहिला, तरी शॉर्ट होऊन मांडी भाजते. मे २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथे अशा उपकरणाच्या स्फोटात एका इसमाचा मृत्यू झाला.

भारतात सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने व नंतर त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आहे. म्हणजे जे उपकरण चोरून मिळते, त्यातील सेलची हमी घेणारा कोणीच नाही. ‘यात कोणती बॅटरी सुरक्षित?’ असे एखाद्या किशोराने विचारल्यास उत्तर स्पष्ट द्यावे : चांगल्या सेलने स्फोटाची भीती कमी होईल, पण निकोटिनचे व्यसन आणि विकसनशील मेंदूवरील त्याचा परिणाम तसाच राहील. पालकांनी दप्तरात पेनसारखी किंवा पेनड्राइव्हसारखी अनोळखी वस्तू आढळल्यास न रागावता, पण निश्चितपणे चौकशी करावी.

पारख आणि जपणूक

१. सेल वा पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, आय.एस. १६०४६ हा मानक क्रमांक व नोंदणी क्रमांक पाहावा. स्कूटर घेताना बॅटरी ए.आय.एस. १५६ या मानकाची आहे का, हे विचारावे. २०२२ मधील आगींनंतर हे मानक अधिक कडक करण्यात आले.

२. ‘१८६५०’ म्हणजे १८ मिलिमीटर व्यास व ६५ मिलिमीटर लांबी. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारणतः ३५०० मिलिअँपियर-तासांच्या आसपास असते. त्यावर ९९०० छापलेले असेल, तर तो दावा खोटाच समजावा.

३. वेष्टन फाटलेला, फुगलेला, गळणारा किंवा उग्र वास येणारा सेल वापरू नये. जुना व नवा सेल एकत्र घालू नयेत. सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत.

४. चार्जर मूळचाच वापरावा. अंथरुणावर, उशीखाली वा सर्व झोपले असताना चार्जिंग करू नये.

५. दारात किंवा जिन्याखाली बॅटरी चार्ज करू नये. २४ मे २०१९ रोजी आपल्या सुरतेतील तक्षशिला इमारतीच्या आगीत २२ जणांचा बळी गेला. त्या आगीचे कारण वेगळे होते, परंतु बाहेर पडण्याची वाट बंद होणे किती घातक ठरते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

६. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

आग लागल्यास

बॅटरीला हात न लावता प्रथम मुलांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ वर कळवावे. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही लावू नये. स्वच्छ कापड झाकून रुग्णालय गाठावे.

डॉक्टर मित्रांनी लक्षात ठेवावे की ही इजा मिश्र असते : औष्णिक, रासायनिक आणि स्फोटजन्य. जखमेचा पी.एच. तपासावा. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकते. त्यामुळे घोगरा आवाज, करपलेले नाकातील केस किंवा श्वासाची घरघर आढळल्यास श्वसनमार्गाकडे तातडीने पाहावे. मुलाचे १० टक्क्यांहून अधिक शरीर भाजले असल्यास शिरेतून द्रव सुरू करून त्वरित पुढे पाठवावे.

लसीकरणासाठी आलेल्या पालकांना आपण आहार आणि स्वच्छता यांविषयी सांगतोच. त्याच दोन मिनिटांत ‘आपण बॅटरी कोठे व केव्हा चार्ज करता?’ एवढा एक प्रश्न जोडावा, ही सर्व सहकाऱ्यांना नम्र विनंती.